श्रावणापर्यंत थांबूया की

मोट कशी चालते हे आता कुणाला सांगत बसायचं म्हणजे तोंड दुखवून घेणं. माझ्या नातवंडांनी मोट पाहिली ती चित्रात, आणि चित्रात ती फार छान दिसते. बैल, चाक, पाण्याची धार, वर आंब्याची सावली. ते चित्र काढणाऱ्याला एक दिवस धावेवर उभा करायला पाहिजे होता, म्हणजे रंग कुठले भरायचे ते कळलं असतं.

आमच्या विहिरीवरची मोट मालक हाकायचे. मालक म्हणजे माझे यजमान. आमच्याकडं बायका नवऱ्याला मालकच म्हणतात. धाव म्हणजे विहिरीच्या काठापासून खाली उतरत गेलेली वाट. बैल त्या उतरणीनं खाली गेले की भरलेली चामड्याची मोट वर येते. हाकणारा त्या ताणलेल्या दोरावर बसून आपलंही वजन बैलांच्या मदतीला देतो. पाणी पाटात पडलं की उतरायचं आणि बैलांना उलट्या पावली चढावर मागं रेटायचं. बैल काय हौसेनं मागं सरतात होय? छातीनं रेटा, खांद्यानं रेटा, कमरेनं रेटा. परत मोट खाली, परत दोरावर. उजाडल्यापासून उन्हं डोक्यावर येईपर्यंत हेच, आणि पावसाचे दिवस सोडले तर वर्षभर. एवढं करून भिजायचा तो उसाचा एक तुकडा आणि थोडी भाजी.

मी मंगळवार पेठेतली. वडील कचेरीत कारकून, घरात नळ. पाणी म्हणजे तोटी फिरवायची वस्तू एवढंच मला ठाऊक. सातवी झाले आणि लग्न करून शहराच्या पूर्वेला, बैलगाडीनं अर्ध्या दिवसाच्या वाटेवरच्या गावात येऊन पडले. पहिल्या महिन्यातच बघितलं, मालक दुपारी मोटेवरून यायचे आणि ताटावर बसून नुसतं ताटाकडं बघत राहायचे. घास तोंडात घालायलासुद्धा हात उचलायचा कंटाळा. मला वाटलं, माझ्या हातचं आवडत नाही. सासूबाईंना, आम्ही त्यांना आत्याबाई म्हणायचो, मी भीत भीत विचारलं तर त्या म्हणाल्या, ‘‘आगं, दमल्यालं मानूस कुटं चव बगतंय व्हय?’’

आत्याबाई विधवा, घराची सगळी सूत्रं त्यांच्या हातात. तोंडानं फटकळ. मला त्या मास्तरीण म्हणायच्या. भाकरी करपली, की ‘‘मास्तरीणबाई, ह्ये कुटल्या इयत्तेत शिकवत्यात?’’ मीही काही कमी नव्हते. उत्तर तोंडातल्या तोंडात का होईना, द्यायचेच.

त्या वर्षांत शहरातल्या कारखान्यांतून तेलावर चालणारी इंजिनं बाहेर पडायला लागली होती. शेजारच्या गावात एकानं विहिरीवर बसवलं आणि मालक ते बघून आले. जेवताना बोलत नसलेला माणूस त्या दिवशी ताटावर बोलत सुटला. ‘‘फकफक फकफक करतंय नुसतं. मानूस सावलीत बसल्यालं. आन् पानी हे येवडं!’’ हाताचं मनगट दाखवून त्यांनी पाण्याची धार किती जाड ते सांगितलं. मी त्यांना इतकं खुशीत कधी बघितलं नव्हतं. त्या दिवसापासून आमच्या घरात एकच ध्यास, इंजिन. आत्याबाई त्याला इंजान म्हणायच्या. मला ते पाणी, तो ऊस, काही नको होतं. ह्या माणसाला सावलीत बसलेला बघायचा होता, बस्स.

इंजिन यायचं तर जोंधळ्यातून. आमचं खरं पीक तेच, पावसाच्या ओलीवर येणारा शाळू. पण त्या आधीची कितीतरी वर्षं जोंधळा आमचा असून आमचा नव्हता. लढाई सुरू झाली तेव्हापासून धान्यावर सरकारचं कंट्रोल होतं. मध्ये एकदा उठलं म्हणाले, परत बसलं. लेव्ही म्हणून सरकार ठरवील तेवढं धान्य सरकार ठरवील त्या भावानं घालायचं. तलाठी खळ्यावर येऊन राशीकडं बघायचा, आणि गावातले सगळे तलाठ्याकडं बघायचे. मग काय, जो तो आपापल्या परीनं लपवायचा. आमच्याकडं धान्य पेवात ठेवायची रीत. पेव म्हणजे जमिनीत खणलेला खड्डा, घागरीसारखा, तोंड लहान आणि पोट मोठं. आत कडब्याचा थर द्यायचा, धान्य ओतायचं, तोंडावर दगड ठेवून मातीनं लिंपायचं. आमचं एक पेव अंगणात होतं, ते तलाठ्याला दाखवायचं. दुसरं गोठ्यात, म्हशीच्या पायाखाली. ते मला लग्नानंतर वर्षभर कुणी सांगितलं नव्हतं. शहरातली पोरगी, माहेरी जाऊन बोलली म्हणजे? मी मात्र त्याच काळात माहेरी पिशवी घेऊन रेशनच्या रांगेत उभी राहिलेली. म्हशीखाली जोंधळा आहे हे कळलं तेव्हा मला असा राग आला होता!

आणि मग एका वर्षी कंट्रोल उठलं. खरंच उठलं. गावातल्या शाळेच्या मास्तरांकडं दोन दिवस शिळं वर्तमानपत्र यायचं, ते मी मागून आणायचे आणि सोप्यात बसून मोठ्यानं वाचायचे. ती बातमी मी तीनदा वाचली. आत्याबाई म्हणाल्या, ‘‘परत वाच.’’ चौथ्यांदा वाचली.

त्या साली शाळूही असा आला, की खळ्यावर रास बघून आत्याबाईंनी पदरानं डोळे टिपले. पहिली पायली ‘लाभ’ म्हणून मापली. मापं संपेपर्यंत कुणी बोललं नाही. बलुतेदारांचं काढून ठेवलं, घरखर्चाचं बाजूला केलं, तरी ढीग उरला. वर गोठ्यातल्या पेवात आदल्या सालचं होतंच. खळ्यावर व्यापारी आला. त्यानं मूठभर दाणे उचलले, एक दाताखाली फोडला, आणि भाव सांगितला. वाईट नव्हता. त्या भावानं सगळं दिलं असतं तर इंजिन येत होतं; फक्त पाइपाला थोडं कमी पडत होतं.

आत्याबाईंनी तिथंच, खळ्यावर, गळ्याला हात लावला. ‘‘इकून टाकूया. इंजान आनूया. पायपाला माझी बोरमाळ हाय.’’

आणि मी बोलले. कुणी विचारलं नव्हतं मला.

‘‘आत्याबाई, आत्ता सगळ्यांच्याच राशी पडल्यात. आत्ता भाव कमीच असणार. श्रावणात बघा कुठं जातो ते. आता कंट्रोल पण नाही. थांबूया की श्रावणापर्यंत. इंजिन येईल, पाइप येईल, आणि बोरमाळ तुमच्या गळ्यातच राहील.’’

हे मी उगीच नव्हते बोलले. माहेरी दर श्रावणात आईची कुरकुर ऐकलेली होती. रेशनचं पुरायचं नाही, मग मागच्या दारानं जोंधळा घ्यायचा, आणि श्रावणात त्याचा भाव असा चढायचा की आई दुकानदाराला घरात बसून शिव्या द्यायची. माझं सगळं शहाणपण त्या शिव्यांतून आलेलं. मला भाव कळत होता तो पिशवी घेऊन उभ्या असलेल्या बाईचा. पोतं घेऊन उभं राहायचं म्हणजे काय, ते मला कुठं माहीत होतं?

आत्याबाईंना माहीत होतं. त्या म्हणाल्या, ‘‘आगं, आपल्या गोठ्यात हाय तसं परत्येकाच्या गोठ्यात हाय. ह्या गावात पेवं किती, फुडच्या गावात किती, मोजलीस काय? आता तलाट्याचं भ्या ऱ्हायलं न्हाय. समद्यांनी एकदम उगाडली म्हंजे? खानार कोन येवडं?’’

मी म्हणाले, ‘‘पेपरात तसं काही आलेलं नाही.’’

देवा! आजही हे वाक्य आठवलं की मला माझ्याच थोबाडीत मारावीशी वाटते. पेपरात आलेलं नाही म्हणे. म्हशीखालचा जोंधळा पेपरात कसा येईल गं बये?

व्यापारी हसला. तो हसला म्हणून मी आणखीच हट्टाला पेटले. आत्याबाई लेकाकडं बघायला लागल्या. मालक राशीच्या कडेला उकिडवे बसले होते, दाणे एका तळव्यातून दुसऱ्या तळव्यात सोडत होते. त्यांचं मन इंजिनात होतं, हे मला दिसत होतं. त्यांना त्याच दिवशी विकायचं होतं. तरी ते म्हणाले, ‘‘आई, ती शिकल्याली हाय. येकदा ऐकूया की तिचं.’’

त्या घरात माझं म्हणणं पहिल्यांदाच कुणी ऐकलं होतं. आनंद तो किती व्हावा! त्या संध्याकाळी भाकऱ्या थापायला बसले आणि खाणारी माणसं तीन असताना पीठ संपेपर्यंत थापतच राहिले.

रास पेवांत गेली. वरून माती लिंपली. चैत्र गेला, वैशाख गेला. मोट चालूच होती. मी आठवड्यातून दोनदा वर्तमानपत्र आणून बाजारभाव वाचायचे. आधी भाव जागेवर होता. मग चार आणे उतरला. मी म्हटलं, होतं असं. मग आणखी उतरला. ज्येष्ठात रोज सकाळी आमच्या दारावरून शहराकडं गाड्या जायला लागल्या, पोत्यांनी भरलेल्या. गोठ्यागोठ्यातलं बाहेर पडत होतं. लोकांना वाटत होतं, आज उठलंय ते उद्या परत बसेल. बसायच्या आत विकून मोकळं व्हावं. जितका भाव उतरायचा तितक्या गाड्या वाढायच्या. मी दारात उभी राहून गाड्या मोजायचे आणि मनात म्हणायचे, जाऊ द्यात, ह्यांचं संपलं की आपला भाव चढेल. त्या संपतच नव्हत्या.

ह्यानंतरचं मी आजवर कुणाला सांगितलेलं नाही. आषाढातली गोष्ट. वर्तमानपत्र उघडलं आणि तो आकडा दोनदा वाचला. खळ्यावरच्या भावाचा तिसरा हिस्सा गेला होता. समोर आत्याबाई शेंगा निवडत होत्या. मालक नुकतेच कुठूनसे भिजून आले होते आणि तांब्यानं पाणी पीत होते. मी वाचलं, ‘‘भाव मागच्यासारखाच आहे.’’ आणि मागच्या खेपेचा आकडा वाचून दाखवला. आत्याबाईंना अक्षर येत नव्हतं. मालकांना येत होतं जेमतेम, पण ते कधी माझ्या हातातून कागद घ्यायचे नाहीत. त्यांनी पाणी संपवलं, तांब्या पालथा घातला आणि गोठ्याकडं गेले.

दुसऱ्या दिवशी त्यांची बंडी धुवायला घेतली. खिशात फडक्याची एक गाठ होती. सोडली तर आत मूठभर शाळू, आमचाच. वानगी होती ती. बाजारात अडत्याला दाखवायला मूठभर नमुना नेतात, ती. आदल्या दिवशी ते शहरातनं आले होते. लक्ष्मीपुरीच्या धान्यबाजारात जाऊन भाव विचारून आले होते. मी खोटं वाचत होते तेव्हा त्यांना खरा आकडा माहीत होता, आणि ते पाणी पीत माझं ऐकत होते.

ते भांडले असते तर मी भांडले असते. मला भांडता येतं. पण ह्या माणसानं विषयच काढला नाही, त्याला मी काय करणार? गाठ परत बांधून फळीवर ठेवली.

श्रावण आला तोवर थांबायची सोय उरली नव्हती. गोठ्याच्या पेवाला ओल लागल्याचा वास यायला लागला होता, आणि पेव एकदा उघडलं की सगळंच काढावं लागतं. अर्धं ठेवून परत लिंपता येत नाही. दगड सरकवला. आतली वाफ जायला अर्धा दिवस तसंच ठेवलं. कंदील खाली सोडून बघितला, तो विझला नाही, मग मालक आत उतरले. ते आतून बुट्टी भरून डोक्यावर उचलायचे, मी आणि आत्याबाई वरून ओढून घ्यायचो. कडेचा थर काळा पडून भिंतीला चिकटला होता. कितव्या बुट्टीला कोण जाणे, बुट्टी वर आलीच नाही. मी वाकून बघितलं. ते बुट्टी गुडघ्यावर टेकून, एक हात जांघेत दाबून, भिंतीला टेकून उभे होते. मी विचारलं, ‘‘काय झालं हो?’’ म्हणाले, ‘‘काय न्हाय. वडून घे.’’ आणि बुट्टी वर आली.

बाजारात अडत्यानं दाणे नाकाला लावले आणि पेवाचा वास आहे म्हणून आणखी खाली आला. त्यात त्याचं काही चुकलं नाही, वास होताच. जे हातात आलं त्यातून इंजिन तर सोडाच, त्याचं चाकसुद्धा आलं नसतं. मोटेचं चामडं तेवढं नवीन घेतलं.

आत्याबाई मला एक अक्षर बोलल्या नाहीत. करपल्या भाकरीवरून महाभारत करणारी बाई, आणि ह्या एवढ्या मोठ्या गोष्टीवर गप्प. मी वाट बघायचे, आज बोलतील, उद्या बोलतील. मास्तरीण म्हणायचं मात्र त्यांनी बंद केलं. त्या शब्दावाचून मला इतकं ओकंबोकं वाटेल असं वाटलं नव्हतं.

पुढच्या साली खळ्यावर व्यापारी आला आणि रास मापून होते तोच विकली गेली. मला कुणी विचारलं नाही, मीही तोंड उघडलं नाही. त्या साली गाड्या लागल्या नाहीत, गोठे रिकामे झालेले होते, आणि श्रावणात भाव असा चढला की बस्स. आता ह्याला काय म्हणायचं? थांबलो तर पडला, विकलं तर चढला. मी वर्तमानपत्र आणायचं सोडून दिलं. मास्तरांनी एकदा विचारलं, तर सांगितलं, डोळे दुखतात.

आणि मोट चालूच. मालक आता मोटेवर जाताना जुन्या धोतराची पट्टी जांघेत आवळून बांधायचे. मला दिसू नये म्हणून गोठ्यात जाऊन बांधायचे, पण ती पट्टी धुणार कोण? मीच की. एकदा म्हटलं, शहरात डॉक्टरला दाखवूया. म्हणाले, आधी इंजिन. एकदा म्हटलं, मोटेला गडी लावूया. म्हणाले, मग इंजिन कधी? बैलांना मागं रेटताना ते मध्येच थांबायचे, बैलाच्या पाठीवर हात ठेवून उभे राहायचे, आणि परत रेटायचे. मी न्याहारी घेऊन जायचे तेव्हा लांबूनच थांबून बघायचे. तीन वर्षं बघितलं.

तिसऱ्या साली इंजिन आलं. ऊस बरा झाला होता, शाळू खळ्यावरच विकला होता, आणि आत्याबाईंनी बोरमाळ मोडली ती मोडलीच. विहिरीवर अर्धं गाव जमलं. इंजिन चालू करायचं तर त्याला लोखंडी दांडा घालून जोरानं फिरवावा लागतो. कारखान्याचा माणूस म्हणाला, मालकांनी पहिला फिरवायचा. मालक पुढं झाले. दांडा धरला, एक वेढा दिला, दुसरा दिला, आणि खाली बसले. चेहरा पांढराफटक. दांडा कारखान्याच्या माणसानं फिरवला. इंजिन फकफकायला लागलं, पाइपातून मनगटाएवढी धार पडली, लोकांनी नारळ फोडला. मालक आंब्याच्या सावलीत बसले होते. मला जसे बघायचे होते तसेच बसले होते, फक्त दोन्ही हात पोटाखाली दाबून.

तिथूनच गाडी जुंपून त्यांना शहरात नेलं. पुढं ऑपरेशन झालं, निभावलं. त्यानंतर ते बरीच वर्षं होते, पण ओझं म्हणून कधी उचलता आलं नाही. पोतं हलवायचं तर पोरांना हाक मारायचे. ते सगळं असो. मला सांगायचंय ते ऑपरेशनच्या आधीचं, तपासणीच्या खोलीतलं.

डॉक्टर वयस्कर होते. त्यांनी तपासलं, हात धुतले आणि म्हणाले, ‘‘अंतर्गळ आहे. चांगलाच वाढलाय. किती दिवस झाले ह्याला? नीट आठवून सांगा. जुनं असेल तर आतडं चिकटलेलं असतं, मला तसं धरून चालावं लागेल.’’

मालक म्हणाले, ‘‘ह्याच साली. पाडव्यापास्नं.’’

माझ्याच्यानं राहवलं नाही. तीन वर्षं तोंड मिटून होते, ते तिथं उघडलं. म्हटलं, ‘‘डॉक्टर, पाडवा नाही. तीन वर्षं झाली. पेवातनं जोंधळा काढताना झालंय हे. माझ्यामुळं तो जोंधळा पेवात राहिला होता. मीच म्हटलं होतं, थांबूया.’’

मालकांनी माझ्याकडं बघितलं नाही. ते डॉक्टरांकडंच बघत होते. आवाज चढवला नाही, की कपाळाला आठी घातली नाही.

‘‘डॉक्टरसाब,’’ ते म्हणाले, ‘‘तिला काय ठावं न्हाय. तिचं ऐकू नगासा.’’

डॉक्टरांनी एकदा माझ्याकडं बघितलं आणि कागदावर पाडवा लिहिला.